स्वयंपाकघरातला घोडा

सणाच्या सुट्टीचं जेवण कुणाच्या घरी व्हायचं, हे त्या घरात स्वप्नांवरून ठरत असे. ही पद्धत आत्याबाईंनी सुरू केली होती. फार पूर्वी, त्यांचे भाऊ याच विषयावरून एकमेकांचं तोंड बघेनासे झाले होते, तेव्हा आत्याबाईंनी सकाळी उठून सांगितलं की रात्री त्यांना स्वप्न पडलं आणि त्यात जेवण धाकट्या भावाकडे होतं. दोघे भाऊ गप्प झाले. माणसाशी भांडता येतं, स्वप्नाशी कोण भांडणार? तेव्हापासून सण जवळ आला की सगळं घर आत्याबाईंच्या खोलीत जमायचं, ज्याला सणाचं स्वप्न पडलं असेल तो ते सांगायचा आणि आत्याबाई अर्थ लावायच्या. नोकरीच्या काळात त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. आयुष्यभर कानाला लावलेलं यंत्र आता उतरलं होतं, पण बोलणं तेच राहिलं होतं. चांगलं स्वप्न आलं की त्या म्हणायच्या, लाइन स्वच्छ आहे. न पटणारं आलं की म्हणायच्या, खरखर फार येतेय, परत झोपून बघ.

अर्थ वर्षानुवर्षं एकच निघत होता. थोरल्या भावजींच्या स्वप्नात सगळे निळ्या छताखाली जेवत असत आणि निळं छत फक्त मधलीच्या घराला होतं. थोरल्या जाऊबाई स्वप्नात दोन जिने चढून दमत असत आणि दोन जिने चढून फक्त मधलीकडे जावं लागे. धाकट्या दिराला कधी पिवळा दिवा दिसायचा, कधी गळका नळ. दिवा मधलीचा, नळही मधलीचाच. मधली म्हणजे मधल्या भावाची बायको. तिला नाव होतं, पण ते कार्यालयीन कामापुरतं उरलं होतं.

मधलीला स्वतःला स्वप्नं पडत नसत. उशीला डोकं टेकलं की थेट सकाळ. आत्याबाई तिच्या झोपेला कोरी झोप म्हणायच्या आणि बैठकीत तिला चहा करायला पाठवायच्या, कारण तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसे. ती चहा घेऊन बाहेर येईपर्यंत तिचं घर ठरलेलं असे. सुरुवातीला तिला याचा अभिमान वाटायचा. एवढ्या माणसांच्या झोपेत आपलं घर येतं, म्हणजे काही पुण्याई असणार, असं ती धरून चालली होती.

मागच्या सणाला एक गोष्ट घडली. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती सिंकजवळ उभी राहून गार सूप पीत होती, तेव्हा थोरल्या जाऊबाई आत आल्या आणि म्हणाल्या, तुझं बाई बरं आहे, उभ्याने खाल्लं की अंगी लागत नाही. त्या हे कौतुकाने म्हणाल्या. पण मधलीच्या डोक्यात ते वाक्य दाढेत अडकलेल्या दाण्यासारखं राहिलं. सणाच्या टेबलाशी आपण शेवटचं कधी बसलो, हे आठवायचा तिने प्रयत्न केला आणि लग्नाच्या आधीचं काहीतरी आठवलं. या वर्षी सणाचं जेवण खुर्चीत बसून, गरम आणि दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं खायचं, असं तिने ठरवलं. तिला बाकी काही नको होतं.

नवऱ्यापाशी तिने विषय काढला. तो पाण्याच्या मीटरची नोंद घ्यायला घरोघर फिरायचा आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. स्वप्नं काय आपल्या हातात असतात का, असं म्हणून तो अंघोळीला गेला.

मधली दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला होती. दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे साचे यायचे, त्यांत प्लॅस्टर ओतायचं, वर गुलाबी मेणाची हिरडी घडवायची, मेणात एकेक दात बसवायचा. तिच्या समोरच्या टेबलावर मिशीवाले बसायचे. त्यांचे हात स्थिर होते आणि मिशा कारखान्याच्या वयाच्या होत्या. तिने घरचा सगळा प्रकार त्यांना सांगितला आणि विचारलं, स्वप्न पडत नसेल तर बनवता येईल का?

मिशीवाल्यांनी मेणातला एक सुळा चिमट्याने किंचित आत दाबला. म्हणाले, सगळे दात एकसारखे सरळ लावले की कवळी लांबून ओळखू येते. एक दात जरा वाकडा लावायचा. मग समोरचा शपथेवर सांगतो की खरे आहेत.

ती संध्याकाळपर्यंत स्वप्न घडवत राहिली. सरळ दात सोपे होते. जेवण धाकट्या दिराकडे, त्याच्या गाद्यांच्या दुकानामागच्या घरात. दोन टेबलं जोडलेली. खिडकीजवळच्या खुर्चीत ती स्वतः. वाकडा दात मात्र सुचेना. शेवटी तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. त्या महिन्याच्या चित्रात एक घोडा होता.

बैठकीच्या दिवशी आत्याबाईंनी नेहमीप्रमाणे तिला चहाचं सांगितलं. मधली बसून राहिली आणि म्हणाली की आधी तिचं ऐकून घ्यावं, तिला स्वप्न पडलं आहे. थोरल्या भावजींनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, जणू स्वप्न दिसणार होतं. तिने सगळं सांगितलं. दुकानामागचं घर, टेबलं, खिडकी, खुर्ची. धाकट्या दिराचा चेहरा उतरत गेला. मग ती म्हणाली, "आणि स्वयंपाकघरात एक घोडा होता."

आत्याबाईंनी डोळे मिटले. घोडा काय करत होता, असं त्यांनी विचारलं. याची मधलीने तयारी केली नव्हती. काही नाही, नुसता उभा होता, असं ती म्हणाली. रंग तपकिरी. तोंड ओट्याकडे.

मग आत्याबाई म्हणाल्या की इतक्या वर्षांत या लाइनवर घोडा आलेला नाही, त्यामुळे घाईत अर्थ सांगणार नाही. पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी परत यावं. तोवर कुणाला काही दिसलं तर कळवावं.

ही शेवटची सूचना त्यांनी द्यायला नको होती. कारण त्या घरात मागे राहायची कुणालाच सवय नव्हती.

पहिला फोन थोरल्या भावजींचा गेला. ते ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे आणि प्रत्येक गोष्टीत पुढच्या सीटवर बसायची त्यांना खोड होती. त्यांनी आत्याबाईंना कळवलं की घोडा त्यांनाही दिसला, आणि खरं तर मधलीच्या आधीच दिसला होता, पण त्यांनी गवगवा केला नाही. थोरल्या जाऊबाईंना दिसलेल्या घोड्याच्या गळ्यात घंटा होती. त्या नाकाने कांदे सोलणाऱ्यांतल्या असल्याने त्यांनी पुस्ती जोडली की घंटा चांदीची होती, बाकीच्यांच्या लक्षात आलं नसेल. धाकट्या दिराचं घोडं मात्र वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. जेवण स्वतःच्या घरातून बाहेर काढायचं होतं, म्हणून त्याने सांगितलं की घोडा दिसला तो मधल्या वहिनीच्या स्वयंपाकघरात, निळ्या छताखाली.

त्यावर फोनाफोनी झाली. दोन जिने चढून घोडा वर जाईल का, हा प्रश्न थोरल्या भावजींकडे वाहनचालक म्हणून गेला. त्यांनी विचार करून सांगितलं की चढेल, पण उतरवताना रिव्हर्स घ्यावा लागेल आणि वळणावर जागा नाही. धाकट्याचं म्हणणं, स्वप्नातल्या घोड्याला वळणाचं काय. थोरले म्हणाले, नियम तो नियम.

मधलीला हे तुकड्यातुकड्याने कळत होतं आणि ती चकित होत होती. तरी तिने मनाची समजूत घातली. आपण सांगितलं, त्यांच्या डोक्यात राहिलं, झोपेत आलं असेल, माणसाच्या मनाचा काय भरवसा. मग एका सकाळी नवरा पावाला लोणी लावता लावता म्हणाला की रात्री त्यालाही तो घोडा दिसला.

तिने विचारलं, तपकिरीच होता का? तपकिरीच, तो म्हणाला. मग तो स्वतः कुठे बसला होता, असं तिने विचारलं.

"घोड्यावर," नवरा म्हणाला आणि पाव चहात बुडवला.

मधली त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस रात्रभर तिच्या शेजारी दात दुखतो म्हणून जागा होता. तिनेच उठून त्याला लवंग दिली होती आणि पुन्हा झोप न लागल्याने तीही छताकडे बघत पडली होती. ज्याला डुलकीसुद्धा लागली नाही तो घोड्यावर बसून आला होता. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. निळं छत, दोन जिने, पिवळा दिवा, गळका नळ, सगळं या लोकांनी तिच्यासारखंच टेबलाशी बसून घडवलं होतं. इतकी वर्षं तिचं घर कुणाच्या झोपेत आलं नव्हतं. ते सोयीचं होतं, एवढंच.

तिला आधी राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग. पण बोलायची सोय नव्हती. तुम्हाला घोडा दिसला नाही असं म्हणायचं, तर तो कुठून आणला हेही सांगावं लागलं असतं. आपणच खणलेल्या खड्ड्यात ती पडली होती, फक्त आता खड्ड्यात सगळं घर होतं.

मिशीवाल्यांना तिने सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांच्या मते ही साधी कामाची गोष्ट होती. एक कवळी सगळ्यांनी आपली म्हणून तोंडात घातलेली आहे आणि प्रत्येक जण छान बसली म्हणतोय. म्हणजे अजून कुणी चावून बघितलेलं नाही. आपण काय करतो? रंगीत कागद मध्ये धरतो आणि म्हणतो, चावा. जिथे टोचतं तिथे खूण उठते. "तू त्यांना काढायला नको सांगूस," ते म्हणाले. "चावायला सांग."

दुसऱ्या बैठकीला आत्याबाईंनी ठेवणीतली शाल घेतली होती. एकच स्वप्न इतक्या जणांना पडलं, ही त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट होती. त्यांनी सगळ्यांना ओळीने बसवलं आणि कोणाकोणाला घोडा दिसला ते हात वर करून सांगायला लावलं. थोरले भावजी, जाऊबाई, धाकटा, मधलीचा नवरा आणि मधली. धाकट्या जावेने हात वर केला नाही. तिला काहीच दिसलं नव्हतं. दिवसभर गाद्या मोजून ती मेल्यासारखी झोपायची.

वाद घराचाच उरला होता. खाली की वर. धाकट्याने पुन्हा निळ्या छताचं टुमणं लावलं. तेव्हा मधली शांतपणे म्हणाली की जागेचं नंतर बघू, पण घोडा जे बोलला ते कुणीच कसं सांगितलं नाही, याचं तिला नवल वाटतंय.

"घोडा बोलला?" धाकटा म्हणाला.

"तुम्हाला नाही ऐकू आलं, भावजी?"

धाकट्याने थोरल्याकडे बघितलं. थोरल्या भावजींना घोडा सर्वांत आधी दिसला होता, त्यामुळे आता मागे हटणं शक्य नव्हतं. "बोलला की," ते म्हणाले. "पण हळू बोलला."

"तुमच्याकडे बघूनच बोलला ना. बटाटे तुम्ही सोलायचे म्हणाला."

भावजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आत्याबाई त्यांच्याकडे बघत होत्या. "बटाट्यांचं काहीतरी होतं खरं," ते म्हणाले.

थोरल्या जाऊबाईंना वारा कुठे वाहतोय ते कळलं. त्यांनी घाईने सांगितलं की त्यांना तर घोडा म्हणाला, तुम्ही थोरल्या, तुम्ही नुसत्या बसा. मधलीने मान डोलावली. तिलाही तसंच ऐकू आलं होतं. बसा म्हणाला, आणि बसून कांदे चिरा म्हणाला, डोळ्यांना त्रास कमी होतो. चांदीची घंटा वाजली ती तेव्हाच. घंटा आपणच बांधलेली असल्याने जाऊबाईंना ती नाकारता येईना. त्या पुटपुटल्या की कांदे दिसले होते, पण कुणाचे ते लक्षात आलं नव्हतं.

मधलीच्या नवऱ्याला अजून काही टोचलं नव्हतं. तो आशेने म्हणाला, "मी घोड्यावर बसलो होतो."

"बसला होतात. मग घोडा म्हणाला, आता उतरा आणि भांडी घासा."

नवरा बायकोकडे बघत राहिला. तिने नजर हलवली नाही. "असंच काहीसं म्हणाला," तो म्हणाला.

उरला धाकटा. तो म्हणाला, बोलला असेल, सोललं असेल, पण हे सगळं वहिनींच्याच घरात, त्यावर तो ठाम आहे. आत्याबाईंनी मधलीला विचारलं, घोड्याच्या पायाखाली काय होतं?

मधलीने धाकट्याचं दुकान डोळ्यांपुढे आणलं. मग म्हणाली, गादी. नवी कोरी, प्लॅस्टिक न काढलेली. म्हणून टापांचा आवाज येत नव्हता.

"आमचीच," धाकटी जाऊ म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. तिने नवऱ्याकडे बोट केलं. दुकानात जागा नाही म्हणून याने स्वयंपाकघराच्या दारात गादी आणून टाकली आहे, महिना होत आला, मी रोज तिला अडखळते, दहादा सांगितलं तरी हलवत नाही. घोडा येऊन उभा राहिला, आता तरी लाज वाटू दे. घरात तशी गादी आहे हे धाकट्याला नाकारता येईना, आणि घोडा दिसला हे तर त्याने स्वतःच कळवलं होतं.

निकाल लागल्यातच जमा होता. तेवढ्यात आत्याबाई मधलीला म्हणाल्या, "सगळ्यांना काम सांगितलं त्याने. तुला काय म्हणाला?"

मधलीने हेच तेवढं तयार केलं नव्हतं. आठवडाभर ती बटाटे, कांदे आणि भांड्यांतच गुंतली होती. इथे चूक झाली तर सगळं घडवलेलं मेण वितळून पुन्हा तिच्याच ओट्यावर पडणार होतं. तिला फक्त खरंच काय हवं होतं तेवढं आठवलं.

"मला काही म्हणाला नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "त्याने मला खुर्ची ओढून दिली." आणि कुणी विचारायच्या आत पुढे म्हणाली, "दातांनी."

"दात कसे होते?"

"चांगले होते. एक जरा वाकडा होता."

आत्याबाईंचा चेहरा निवळला. मग खरंच आहे, असं त्या म्हणाल्या, आणि शाल सारखी करत जाहीर केलं की या स्वप्नाचा अर्थ लावायची गरज नाही, इतकी स्वच्छ लाइन त्यांना नोकरीतही कधी लागली नव्हती. जेवण धाकट्याकडे. कामं घोड्याने सांगितली तशी. मग जरा थांबून, आवाज उतरवून त्यांनी विचारलं की घोडा त्यांच्याबद्दल काही बोलला का.

मधली म्हणाली की आत्याबाई आत आल्या तेव्हा घोड्याने मान खाली घातली. आत्याबाईंनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. त्या दिवशी चहा धाकट्या दिराने केला.

सणाच्या दिवशी मधली दुपारी रिकाम्या हातांनी धाकट्याकडे गेली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. आतून भांडी पडल्याचा आवाज आला आणि ती सवयीने उठणार होती, पण तिने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. बसून राहणं हे इतकं कष्टाचं काम असेल याची तिला कल्पना नव्हती. थोरल्या भावजींनी बटाटे सोलून त्यांच्या गोट्या केल्या होत्या आणि पातेलं टेबलावर ठेवताना ते जेवायला बोलावलेल्या शेजारच्या दुकानदाराला सांगत होते की ही जबाबदारी त्यांना थेट मिळाली आहे, मधे कुणी नव्हतं. सांगताना त्यांचा आवाज भरून आला. जाऊबाईंचे डोळे लाल होते, पण त्यांनी बसून चिरण्याचा फायदा सगळ्यांना समजावून दिला. मीठ कुठे आहे, असं कुणीतरी मधलीला विचारलं. तिने सांगितलं की तिला माहीत नाही, ती या घरात पाहुणी आहे. हे वाक्य तिला इतकं आवडलं की कुणी पुन्हा विचारतंय का म्हणून तिने वाट पाहिली.

धाकट्या दिराने तिच्यापुढे सूपची वाटी ठेवली. वाफ येत होती. तिने पहिला चमचा घेतला, तोंड पोळलं, तरी तिने तो गिळला आणि लगेच दुसरा भरला.

परत जाताना नवरा भांड्यांच्या साबणाने सुरकुतलेले हात खिशात घालून चालत होता. चौकापाशी आल्यावर त्याने विचारलं की जेवण कसं झालं.

"सूप खारट होतं. बटाटे कच्चे होते," मधली म्हणाली. "वाढू का म्हणाले, तेव्हा मी तीनदा घेतले."